फ्रिजमधलं औषध

"काय गं, हे कुणाचं औषध?"

सासूबाईंनी फ्रिज उघडला होता तो विरजणाचं भांडं काढायला. दुधाच्या पातेल्यामागे स्टीलचा एक गोल डबा दिसला. उघडून पाहिला, तर आत काचेच्या चार छोट्या बाटल्या आणि सुयांची पाकिटं. ओट्याशी पोळ्या लाटणाऱ्या सुनेचा हात थांबला. मग मान वर न करताच ती म्हणाली, "माझं आहे, आई."

ते तिचं नव्हतं. तिच्या नवऱ्याचं होतं.

चाकणजवळच्या एका वाडीत, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात घडलेला हा प्रसंग. दोघांनीही तो मला सांगितला आणि लिहायची परवानगीही दिली. नाव, गाव आणि कंपनी लिहायची नाही, एवढीच अट. "बाकी सगळं लिहा ताई," असं त्यानेच बजावलं. म्हणून लिहिते आहे.

बचत गटांच्या आरोग्य शिबिरांच्या निमित्ताने मोशी, कुरुळी, चाकण या पट्ट्यात माझं बरीच वर्षं येणं-जाणं आहे. रक्त कमी आहे, थायरॉईड आहे, अंगावरून जातं, हे बायका आता मोकळेपणी सांगतात. नवऱ्याच्या तब्येतीचं विचारलं की उत्तर ठरलेलं. "त्यांना कुठं काय आहे? ते नुसते दमतात." या 'नुसते दमतात'च्या मागे काय काय दडलेलं असू शकतं, ते मला या जोडप्याकडून कळलं.

दोघंही मूळचे लातूरकडचे. तो एका कंपनीत मेंटेनन्सला, मशीन बंद पडलं की धावत जाणारा. लग्न २०१८ सालचं. पुढच्याच पावसाळ्यात सेकंड शिफ्ट संपवून रात्री घरी येताना नाशिक रस्त्यावर त्याची गाडी घसरली. हेल्मेट होतं, पण हँडलला अडकवलेलं! डोक्याला मार लागला, आठ दिवस तो अतिदक्षता विभागात होता. नंतर शुद्धीवर आला, चालू-बोलू लागला, तीन महिन्यांनी कामावरही गेला. देवानेच वाचवलं म्हणून सासूबाईंनी गावी सत्यनारायण घातला.

"देवाने वाचवलं ते खरं," ती मला म्हणाली, "पण ताई, घरी परत आला तो माणूसच वेगळा होता."

कामावरून आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. सुट्टीच्या दिवशीही उठायचा नाही. पूर्वी दोन दिवसांआड दाढी करणारा माणूस आता दहा-दहा दिवस आरशापुढे जात नव्हता, कारण दाढी वाढतच नव्हती. पोट सुटलं, दंड बारीक झाले. उन्हाळ्यातही त्याला गार वाटायचं. आणि बायकोच्या जवळ जाणं तर बंदच झालं. तिने एकदा विचारलं, तर ताट भिरकावून दिलं. पुन्हा तिने विचारलं नाही.

बाईच्या मनात अशा वेळी काय येतं, ते तुम्हा-आम्हाला सांगायला नको. बाहेर काही आहे का? मी आवडेनाशी झाले का? तिने त्याचा मोबाईल चोरून तपासला. नणंदेने करणीची शंका काढली. शेजारणी म्हणाल्या, डोक्याला मार लागलाय, स्वभाव बदलायचाच. त्यात २०२० चं लॉकडाऊन आलं. सगळं जगच घरात झोपून होतं, मग त्याच्याच झोपण्याकडे कोण लक्ष देणार?

त्याच्या मनात काय चाललं होतं, ते त्याने मला पुष्कळ उशिरा, खाली बघत सांगितलं. "मला वाटलं, आपण संपलो. वय बत्तीस, आणि बायको शेजारी झोपली की भीती वाटायची. बोलणार कुणाला? कंपनीत बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी लाईनवर टिंगल झाली असती."

मग सुरू झाली चोरवाटांची फिरती. आधी हमरस्त्याच्या कडेला तंबू ठोकून बसलेला जडीबुटीवाला. त्याने काळी पुडी दिली आणि अठरा हजार रुपये घेतले. बायकोला सांगितलं, मित्राला उसने दिलेत. नंतर जिममधल्या ओळखीने एका क्लिनिकचा पत्ता मिळाला. थर्ड शिफ्ट करून, रात्रभर जागून तो सकाळी थेट तिथे गेला. रक्त घेतलं. टेस्टोस्टेरॉन कमी आहे म्हणाले आणि लगेच दुसऱ्या दिवशी दंडात इंजेक्शन दिलं. दर पंधरा दिवसांनी यायचं. कमी का आहे, हे कोणी विचारलं नाही. अपघाताचं विचारलं नाही. मूल हवंय का, तेही विचारलं नाही.

टेस्टोस्टेरॉन म्हणजे पुरुषाच्या शरीरातलं मुख्य संप्रेरक, हार्मोन. ते वृषणात तयार होतं. दाढी-मिशा, आवाज, स्नायू, हाडांची बळकटी, रक्त तयार होणं, कामेच्छा, मनाची उभारी या सगळ्यांत त्याचा वाटा असतो. थोडंसं ते आपल्या, बायकांच्या शरीरातही असतं. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये एर्न्स्ट लाकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते बैलांच्या वृषणांतून वेगळं काढलं आणि त्याला हे नाव दिलं. त्याच वर्षी ते प्रयोगशाळेत बनवण्याची रीतही सापडली. म्हणजे औषध काही नवीन नाही. ज्याच्या शरीरात ते खरोखरच कमी आहे, त्याला बाहेरून देणं हा मान्यताप्राप्त उपचार आहे. थायरॉईड कमी असलेल्या बाईला आपण सकाळी उपाशीपोटी गोळी देतो, तसाच.

आणि त्याला फरक पडला! ते तो आजही नाकारत नाही. "पहिल्या इंजेक्शननंतर थोड्याच दिवसांत मी पुन्हा माणसात आलो, ताई. सकाळी जाग यायला लागली. दाढी करावी लागायला लागली. हिच्याशी हसून बोललो. एका रविवारी आम्ही देहूला जाऊन आलो." ती म्हणाली, "मला काहीच माहीत नव्हतं. मला वाटलं, माझे सोळा सोमवार पावले."

पण ते सुखही सलग नव्हतं. "पंधरा दिवसांची बॅटरी होती ती. पहिले चार-पाच दिवस फुल चार्ज, नुसता उड्या मारायचो, चिडायचोही तेवढाच. शेवटचे चार दिवस लाल दिवा. मग पुढची सुई." पाठीवर पुटकुळ्या उठल्या, चेहरा लालबुंद दिसू लागला. तरी दीड वर्ष हे चालू राहिलं.

आता घरात सगळं ठीक आहे म्हटल्यावर सासूबाईंचा प्रश्न आला, पाळणा कधी हलणार? तो प्रश्न अर्थातच सुनेला. इथून पुढची दोन वर्षं तिची. पाळीच्या दिवसांचा हिशेब, सोनोग्राफी, हार्मोनच्या तपासण्या, गोळ्या. गर्भनलिका मोकळ्या आहेत का ते बघायला औषध सोडून एक्स-रे काढतात, तीही तपासणी झाली. "कळ अशी आली की डोळ्यांपुढे अंधारी," ती म्हणाली. सगळे रिपोर्ट चांगले. तरी दर महिन्याला पाळी यायची आणि ती बाथरूममध्ये जाऊन रडायची. नवऱ्याला एकदा तपासून घ्या म्हटलं, तर तो म्हणायचा, "मला काय झालंय? मी तर ठणठणीत आहे."

इथे एक गोष्ट आपण सगळ्याजणींनी नीट समजून घ्यायला हवी. इच्छा आणि ताकद असणं वेगळं, शुक्रजंतू असणं वेगळं. एक आहे म्हणून दुसरं असेलच असं नाही.

शेवटी ज्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे ती गेली, त्यांनी तिची जाडजूड फाईल चाळली आणि पहिलाच प्रश्न केला, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे?" रिपोर्ट नव्हताच. बाई म्हणाल्या, "तो आल्याशिवाय मी तुझी एकही तपासणी करणार नाही." नाइलाजाने तो गेला. वीर्यतपासणीच्या कागदावर शुक्रजंतूंच्या संख्येपुढे लिहून आलं, शून्य.

डॉक्टरीणबाईंनी त्याला एकट्याला आत घेतलं आणि सरळ विचारलं, "जिमला जाता? कुठलं इंजेक्शन घेता?" तेव्हा कुठे ते बाहेर आलं.

मुलासाठी जीव तळमळत होता, आणि ज्या इंजेक्शनने आपण पुरुष झालो असं त्याला वाटत होतं, तेच मुलाच्या आड येत होतं! बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, शरीरात भरपूर आहे. मग तो वृषणांना हुकूम देणं थांबवतो. हुकूम थांबला की वृषणातलं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनत नाही आणि शुक्रजंतूही बनेनासे होतात. हा परिणाम इतका ठाम आहे की पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून या इंजेक्शनचे प्रयोग झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचा सात देशांतल्या २७१ पुरुषांवरचा अभ्यास १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. दर आठवड्याला इंजेक्शन घेणाऱ्या त्या पुरुषांपैकी १५७ जणांची संख्या सहा महिन्यांच्या आत शून्यावर आली. त्यानंतरच्या वर्षभरात त्यांनी दुसरं कुठलंही साधन वापरलं नाही, तरी त्या सगळ्या जोडप्यांत मिळून एकच गर्भधारणा झाली. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांची संख्या काही महिन्यांत पूर्ववत होते, काहींना वर्ष-दीड वर्ष लागतं. पण दंडात सुई टोचण्यापूर्वी हे सांगायला नको का?

डॉक्टरीणबाईंनी त्याला पिंपरीतल्या हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांना एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणतात. म्हणायला अवघड, पण शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या कपाळावरच्या जुन्या खुणेकडे पाहिलं आणि विचारलं, "डोक्याला कधी मार लागला होता का?"

मेंदूच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे हाडाच्या खोबणीत वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिला पियूषिका ग्रंथी म्हणतात, इंग्रजीत पिट्युटरी. एवढीशी ती, पण थायरॉईड, मूत्रपिंडावरच्या ग्रंथी, बायकांचं बीजाशय, पुरुषांचे वृषण, सगळ्यांना हुकूम तिथून जातो. एका नाजूक देठाने ती मेंदूला जोडलेली असते. डोक्याला जबर मार बसला तर या ग्रंथीला किंवा देठाला इजा होऊ शकते. लगेच काही कळत नाही. जखम भरते, टाके निघतात, माणूस घरी येतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी एकेक हुकूम पोचेनासा होतो. म्हणून डोक्याला मोठा मार लागलेल्या माणसाची तक्रार वर्षभरातही हटली नाही, तर या हार्मोनच्या तपासण्या करून घ्याव्यात, असं तज्ज्ञ सांगतात.

त्याच्या तपासण्यांत थायरॉईडही कमी निघालं. उन्हाळ्यात गार का वाटायचं, त्याचा उलगडा तिथे झाला. पियूषिकेकडून वृषणांकडे जाणारे दोन्ही हुकूम जवळपास बंद होते. थोडे त्या इंजेक्शनमुळे बंद असणार म्हणून डॉक्टरांनी ते थांबवून काही महिन्यांनी पुन्हा तपासलं, तरी ते वर येईनात. ते महिने फार वाईट गेले. "अपघातानंतरचा माणूस पुन्हा घरात आला," ती म्हणाली. "पण या वेळी मला कारण माहीत होतं. म्हणून मी घाबरले नाही."

डॉक्टरांचं बोलणं त्याला त्याच्या भाषेत अगदी बरोबर समजलं. मला समजावून सांगताना तो म्हणाला, "मशीन बंद पडलं तर आम्ही आधी मोटर बदलत नाही, ताई. पॅनेलकडून सिग्नल येतोय का ते बघतो. माझी मोटर चांगली आहे. सिग्नल येत नाही. आणि मी काय केलं, तर बाहेरून जनरेटर जोडला. कारखाना चालला, पण पॅनेलकडे कुणी बघितलंच नाही."

दोष पियूषिकेत असेल आणि मूल हवं असेल, तर टेस्टोस्टेरॉन न देता पियूषिकेचे हुकूमच इंजेक्शनने देता येतात. पहिलं इंजेक्शन असतं एचसीजीचं. मैत्रिणींनो, हे नाव आपल्या ओळखीचं आहे. पाळी चुकली की आपण घरी पट्टीवर तपासणी करतो, तिच्यावर दुसरी रेघ उमटते ती याच एचसीजीमुळे. गरोदर बाईच्या लघवीत सापडणारं हे हार्मोन पुरुषाला दिलं की त्याच्या वृषणांना वाटतं, वरून हुकूम आला. मग त्याचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन बनू लागतं. काही महिन्यांनी जोडीला दुसरं इंजेक्शन देतात. त्या प्रकारची काही औषधं पाळी कायमची गेलेल्या बायकांच्या लघवीतून मिळवलेली असतात. एका गरोदर बाईचं आणि एका आजीचं देणं घेऊन हा बाप होऊ बघतोय, असं मी म्हटलं, तेव्हा तो पहिल्यांदा मोकळेपणी हसला.

आठवड्यातून तीन सुया. त्या तो स्वतःच पोटावर टोचून घ्यायला शिकला. आणि ते औषध ठेवायचं कुठे, तर फ्रिजमध्ये, दुधाच्या पातेल्यामागे.

"तू 'माझं आहे' का म्हणालीस?" मी तिला विचारलं.

"तोंडातून निघूनच गेलं. आधीच त्यांचं मन खचलेलं. त्यात आईंना कळलं, गावी कळलं, तर? मला काय, मला बोलणी खायची सवय झाली होती."

सवय झाली होती! हे वाक्य मला आजही टोचतं. पुढचे चार महिने सासूबाई गावी सांगत राहिल्या, "सुनेला इंजेक्शनं चालू आहेत, तिच्यात दोष आहे." आणि तो ऐकत राहिला. ही त्याचीही चूक, आणि ती तो कबूल करतो.

मग एका नातेवाइकांकडे डोहाळजेवण होतं. ओटी भरायची वेळ आली, तशी एक मोठी जाऊ तिला हळूच म्हणाली, "तू जरा मागे थांब हं." ती थांबली. तिला घ्यायला आलेला तो दारातच उभा होता. त्याने ते पाहिलं.

घरी येईपर्यंत तो गाडीवर एक शब्द बोलला नाही. घरी आल्यावर त्याने फ्रिज उघडला, तो स्टीलचा डबा काढला आणि आईच्या पुढ्यात ठेवला. "आई, हे औषध माझं आहे. सुई मी टोचून घेतो. हिच्यात काही दोष नाही. अपघातात माझ्या डोक्यातली एक ग्रंथी दुखावली, त्याचं हे औषध आहे."

सासूबाई बराच वेळ त्या बाटल्यांकडे बघत बसल्या. ती म्हणते, तिला वाटलं आता रडारड होणार, नशिबाला बोल लावला जाणार. पण त्या माउलीने एवढंच विचारलं, "दुखतं का रे सुई टोचताना?"

त्यानंतर औषधाचा डबा दुधाच्या पातेल्यापुढे आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी आता सासूबाईच आठवण करतात.

या वाटेला वेळ लागतो. शुक्रजंतू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने लागतात आणि उपचार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालू शकतो. त्याची संख्या शून्यावरून आता एका मिलिलीटरला चाळीस लाखांवर आली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मानलेली खालची मर्यादा एक कोटी साठ लाख आहे, म्हणजे अजून कमीच. पण या आजारात कमी संख्येवरही गर्भ राहू शकतो, असा डॉक्टरांनी धीर दिला आहे. मूल अजून नाही. पुढे मुलाचा प्रश्न कसाही सुटला, तरी त्याला टेस्टोस्टेरॉन बहुधा कायमचं घ्यावं लागेल. पण ते आता तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, कारण माहीत असताना, आणि उघडपणे.

टेस्टोस्टेरॉन कमी व्हायचं कारण दर वेळी अपघातच असतं असं नाही. सुटलेलं पोट, मधुमेह, अपुरी झोप, घोरणं-श्वास अडकणं, काही औषधं, लहानपणी उतरलेले नसलेले वृषण, वयात आल्यावर झालेले गालगुंड, जन्मतः गुणसूत्रांतला फरक, अशी कितीतरी कारणं असतात. वयाबरोबरही ते हळूहळू उतरतं, पण आपली पाळी जाते तसं पुरुषांचं एकदम काही थांबत नाही. वजन आणि झोप सुधारली तरी काहींचं टेस्टोस्टेरॉन आपसूक वाढतं. म्हणून आधी कारण शोधायचं.

तपासणीचंही पथ्य आहे. टेस्टोस्टेरॉन पहाटे-सकाळी सर्वांत जास्त असतं, म्हणून रक्त सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी द्यायचं. एकदा कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासून खात्री करायची. आपल्या पट्ट्यात निम्मी घरं शिफ्टवर चालतात. रात्रपाळी करून थेट लॅबमध्ये गेलेल्या माणसाच्या आकड्यावर विसंबू नये. चार-सहा दिवस रात्रीची नीट झोप झाली की मगच तपासावं. साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम हे प्रमाण ठीक मानतात, लॅबगणिक थोडा फरक असतो. नुसत्या आकड्यावरून नव्हे, तर आकडा आणि त्रास दोन्ही असतील तरच उपचार.

उपचार सुरू झाला की रक्ताची घनता आणि पन्नाशीकडे झुकलेल्या माणसाची प्रोस्टेटची तपासणी ठरावीक काळाने करावी लागते. रक्त फार दाट झालं तर औषध थांबवावं लागतं. प्रोस्टेटचा कॅन्सर असलेल्यांना हे औषध सहसा देत नाहीत. हृदयाची भीती पुष्कळांना वाटते. पाच हजारांहून अधिक पुरुषांवरचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी होतं, त्यांना ते दिल्यावर हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात वाढलेला दिसला नाही. मात्र हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात रक्ताची गुठळी जाणं हे थोडं जास्त आढळलं. म्हणजे घाबरून सोडायचं नाही आणि बेफिकीर राहून टोचायचंही नाही. हे औषध जेलच्या रूपातही मिळतं, ते खांद्याला-दंडाला लावतात. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर ती जागा कपड्याने झाकावी आणि हात साबणाने धुवावेत, कारण ते स्पर्शातून दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतं.

आणि जिममध्ये जाणारे तुमचे मुलगे, दीर? गेल्या काही वर्षांत पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी जिमच्या मुलांना मेफेंटरमाइन नावाची इंजेक्शनं चोरून विकणाऱ्यांना पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते औषध रक्तदाब वाढवणारं, वेगळं. पण चिठ्ठीशिवाय, ओळखीने, मित्राच्या हातून सुई घेण्याची वाट तीच, आणि टेस्टोस्टेरॉनही त्याच वाटेने घरात येतं. एकदा त्यांची बॅग उघडून बघायला हरकत नाही. रागावण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी.

आपल्याच पुण्या-मुंबईत र. धों. कर्वे यांनी १९२७ ते १९५३ अशी सव्वीस वर्षं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं आणि स्त्री-पुरुषांच्या शरीराबद्दल स्वच्छ भाषेत लिहिलं. त्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढले. १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचा खटला लढवला होता. त्यालाही आता इतकी वर्षं लोटली, आणि आपल्या घरात अजून औषध पातेल्यामागे लपतं.

नवरा सतत दमलेला असेल, चिडत असेल, जवळ येत नसेल, दाढी वाढेनाशी झाली असेल, तर मोबाईल तपासण्याआधी त्याचं रक्त तपासा. पिंपरीत महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, पुण्यात ससून आहे, तिथूनही सुरुवात करता येते. आणि मूल होत नसेल, तर पहिल्या दिवशीच दोघांची तपासणी करायचा आग्रह धरा. वीर्यतपासणी ही सर्वांत साधी तपासणी. तिला ना कळ येते, ना भूल लागते. ती शेवटी का करायची?

गेल्या महिन्यात आमच्या गटाचं शिबिर होतं. या वेळी मी चिठ्ठीवर मुद्दाम लिहिलं, 'पतीसह यावे.' चाळीस बायका आल्या, पुरुष आले पाच. मागच्या रांगेत, चपला पायातच ठेवून बसले. तो त्यांच्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "मी एक सुई टोचून दाखवतो, माझीच." पाचांपैकी कोणी काही बोललं नाही. पण शिबिर संपल्यावर सतरंज्या गुंडाळताना पाहिलं, तर फाटकापाशी त्यातला एकजण त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात काहीतरी विचारत होता. त्या माणसाची बायको थोड्या अंतरावर पिशवी धरून उभी होती. मी तिला हाताने खूण केली, थांब, घाई करू नकोस.